बोट चापाच्या बाहेर

रविवार, रात्रीचे पावणेदहा

आज नेमबाजीच्या सरावातला एक छर्रा सापडत नव्हता, म्हणून आम्हा मायलेकांना तळघरातून वर यायला पाऊण तास उशीर झाला. वाटीत मोजून दहा छर्रे घेतले होते आणि दहा वेळा चाप दाबला गेला होता. पण नेमाच्या कागदावर छिद्रे नऊच होती आणि त्यामागच्या खोक्यातून छर्रेही नऊच निघाले. साबुदाण्याच्या मोठ्या दाण्याएवढा, जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम वजनाचा तो पोलादी गोळा शोधताना मी टॉर्च घेऊन गुडघ्यांवर रांगत होते. तेवढ्यात लेकाला फ्रिजवरचे चुंबक आठवले. तो ते घेऊन आला आणि भिंतीपासून सुरुवात करून जमिनीवरून सावकाश पुढे पुढे फिरवू लागला. मागे टांगलेल्या जाड ब्लँकेटच्या खालच्या घडीपाशी टक् असा आवाज झाला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. घरात चौदा महिन्यांची धाकटी आहे आणि जे हाती लागेल ते तोंडात घालण्याचे तिचे हे वय आहे, त्यामुळे छर्रे मोजून घ्यायचे आणि मोजूनच परत ठेवायचे हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळतो. त्यामागे दुसरेही कारण आहे. एखादा छर्रा सापडला नाही, याचा अर्थ तो कुठे गेला हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ज्या खोलीत नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती बंदूक आहे त्या खोलीत असे अज्ञान मला चालणार नाही.

या सगळ्याची सुरुवात १ ऑगस्ट २०२४ रोजी झाली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेम धरण्याच्या) प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि राधानगरी तालुक्यातले कांबळवाडी हे त्याचे गाव अमेरिकेतील ओहायोतल्या आमच्या दिवाणखान्यात दिवसभर गाजत राहिले. माझे माहेर कोल्हापूरचे आहे. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतील कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक आहे, असे मी मुलाला मोठ्या अभिमानाने सांगत होते. तो मात्र गुडघा टेकून, एका पायाची टाच बुडाखाली घेऊन बसलेल्या त्या माणसाकडे एकटक पाहत होता. "आई, तो इतका वेळ नुसता थांबून का राहतो?" असे त्याने विचारले. धावणे, उड्या आणि आरडाओरडा यांत रमणाऱ्या मुलाला त्या थांबण्याने धरून ठेवले होते, हे मला तेव्हाच जाणवले.

मुलाला नेमबाजी शिकवण्याला घरातून विरोध झाला आणि तो रास्तच होता. नवऱ्याचे म्हणणे असे की, ज्या देशात शाळेतली मुले गोळीबाराच्या वेळी कसे लपायचे याचा सराव करतात, त्या देशात आपण आपल्या हाताने मुलाला बंदूक का द्यावी? माझे मत वेगळे होते आणि ते आजही बदललेले नाही. इथे बंदूक शेजाऱ्याच्या, मित्राच्या, वर्गमैत्रिणीच्या घरी असू शकते. ती आयुष्यात कधीतरी माझ्या मुलाच्या समोर येणारच आहे. ती पहिल्यांदा समोर येईल तेव्हा मी शेजारी असावे, एवढीच माझी इच्छा होती. यावर आम्ही दोघे जवळजवळ वर्षभर बोलत राहिलो. शेवटी आमच्या काउंटीतील, म्हणजे जिल्ह्यातील, फोर-एच क्लबने हा प्रश्न सोडवला. ही मुलांची चळवळ १९०२ मध्ये याच ओहायोतील क्लार्क काउंटीत सुरू झाली, आणि त्यात शेळीपालन, शिवणकाम यांच्या जोडीने नेमबाजीही रीतसर शिकवली जाते. नवऱ्याने आधी एकट्याने जाऊन दोन वर्ग मागे बसून पाहिले आणि मगच होकार दिला.

बंदूक कोणती घ्यायची यावर मी बराच विचार केला. इथल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या लहानपणाशी जोडलेली लिव्हरची, म्हणजे दांडा ओढून ताणायची, डेझी कंपनीची रेड रायडर बंदूक दुकानात सहज मिळते. तिच्या पोटात ६५० छर्रे मावतात आणि छर्रा सेकंदाला सुमारे ३५० फूट वेगाने सुटतो. आम्ही मात्र त्याच कंपनीची ४९९ नावाची बंदूक घेतली, जी क्लबमध्ये सरावासाठी आणि स्पर्धेत वापरतात. तिचा वेग सुमारे २४० फूट आहे, पण माझ्या दृष्टीने खरा फरक वेगळाच आहे. तिच्यात एका वेळी एकच छर्रा जातो, तोही नळीच्या तोंडातून. तो आत घरंगळतो आणि तळाशी असलेले चुंबक त्याला धरून ठेवते. त्यामुळे प्रत्येक नेमानंतर थांबावेच लागते. दुसरा छर्रा आपोआप तयार नसतो, आणि "रिकामी असेल असे वाटले" असे म्हणायला जागा फारच कमी उरते. लिव्हर त्याच्या हाताला जड जाते म्हणून ती मी ओढते, चाप अडवणारी सेफ्टी लावलेली आहे हे त्याला दाखवते, छर्रा मी घालते आणि मगच बंदूक त्याच्या हाती देते.

हिला खेळणे म्हणायला मी तयार नाही. छर्ऱ्यांच्या बंदुकांमुळे अमेरिकेत वर्षाला सरासरी चार मृत्यू होतात, असे इथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने नोंदवले आहे, आणि ३५० फुटांपेक्षा अधिक वेगाच्या बंदुका १६ वर्षांखालील मुलांनी वापरू नयेत अशी त्याची सूचना आहे. आमची बंदूक त्याहून मंद असली तरी डोळ्याचे कायमचे नुकसान करायला ती पुरेशी आहे. त्यातून हा छर्रा पोलादाचा आहे. एअर रायफलचा शिशाचा छर्रा आदळला की चपटा होतो. पोलादी छर्रा कठीण पृष्ठभागावरून उलट येतो. म्हणून लाकडी फळी, डबा किंवा बाटली यांवर नेम धरायला आमच्याकडे सक्त मनाई आहे. पुठ्ठ्याचे मोठे खोके जुन्या वर्तमानपत्रांनी गच्च भरून त्यावर कागद चिकटवला आहे आणि त्याच्या मागे ते ब्लँकेट मोकळे टांगले आहे. मुलाला तळघरात नेण्यापूर्वी मी एकटीने त्या खोक्यावर पन्नास छर्रे मारले आणि मागची बाजू हाताने चाचपून पाहिली. चष्मा त्याला, मला आणि जिन्यावर बसून पाहणाऱ्या कोणालाही सक्तीचा आहे.

पहिले दोन रविवार आम्ही एकही छर्रा उडवला नाही. मी महाविद्यालयात एनसीसीत होते. पॉइंट टू टू रायफलच्या पाच राउंडसाठी आमच्या उस्तादांनी आम्हा मुलींना दोन तास नुसते जमिनीवर पालथे पडून राहायला लावले होते, ते मला आता लख्ख आठवते. त्याच्या उलट आठवणही आहे. लहानपणी जत्रेत फुग्यांच्या स्टॉलवर पोरांच्या हातांत छर्ऱ्याची बंदूक देत, आणि आम्ही ती खांद्यावर टाकून, मैत्रिणीकडे वळून, हसत हसत आपल्या पाळीची वाट पाहायचो. कोणी हटकल्याचे मला आठवत नाही. ते चित्र आज डोळ्यांसमोर आले की अंगावर काटा येतो.

क्लबमध्ये मुलांना तीन गोष्टी इंग्रजीत शिकवतात. घरी आम्ही त्या मराठीत केल्या. नळी कुठे आहे, लिव्हर उघडी आहे का, बोट कुठे आहे? बंदुकीला हात लावताना हे तीन प्रश्न त्याने मोठ्याने विचारायचे आणि स्वतःच उत्तरे द्यायची. बोट चापाच्या बाहेर, दस्त्यावर सरळ टेकलेले असले पाहिजे, आणि नेम पूर्ण जुळेपर्यंत ते तिथून हलता कामा नये. "थांब" हा शब्द खोलीतल्या कोणीही उच्चारला, अगदी धाकटीच्या रडण्यामुळे जिन्यावरून तिच्या बाबाने उच्चारला, तरी बोट बाहेर आणि बंदूक खाली, अशी ही शिस्त आहे.

दुसऱ्या रविवारी माझ्याच हातून चूक घडली. नवऱ्याने वरून हाक मारली आणि मी रिकामी बंदूक हातात धरूनच जिन्याकडे वळले. "आई, नळी!" मुलगा ओरडला. नळी थेट जिन्यावर उभ्या असलेल्या त्याच्या बाबाकडे होती. पोटात धस्स झाले. बंदूक रिकामी होती, लिव्हर उघडी होती, बोट बाहेर होते. पण यातले एकही कारण मी त्याच्यासमोर पुढे केले नाही. मी बंदूक खाली ठेवली, "तू बरोबर आहेस, माझी चूक झाली," असे म्हणाले आणि त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवला. त्याच्या चेहऱ्यावर विजय नव्हता, तो घाबरला होता. रात्री झोपताना त्याने विचारले, "तुला एवढी वर्षं येतं, तरी चुकलीस?" मी हो म्हणाले, आणि मग बराच वेळ त्याच्या केसांतून हात फिरवत बसले.

प्रत्यक्ष नेमबाजी सुरू झाल्यावर वेगळेच कोडे पडले. पाच मीटर म्हणजे आमच्या तळघराची जेमतेम लांबी, आणि तरी छर्रे कागदभर विखुरत होते. "लक्ष दे", "श्वास सोड", "हलू नकोस" असे मी त्याला दोन रविवार सांगत राहिले, आणि दर वेळी त्याचा खालचा ओठ थोडा अधिक बाहेर येत गेला. मग क्लबमधल्या शिक्षिकेने अर्ध्या मिनिटात कारण दाखवले. तिने त्याला दोन्ही हात लांब करून अंगठ्यांच्या बेचक्यांत छोटी खिडकी करायला लावली आणि तिच्यातून दाराची मूठ पाहायला सांगितले. डावा डोळा मिटला की मूठ खिडकीतून नाहीशी व्हायची. उजवा मिटला तर ती जागच्या जागी राहायची. मुलगा उजव्या हाताने जेवतो, लिहितो, चेंडू फेकतो, पण त्याचा प्रबळ डोळा डावा आहे. उजव्या खांद्याला बंदूक लावून तो डाव्या डोळ्याशी झगडत होता आणि मी ते त्याचे दुर्लक्ष समजत होते. घरी आल्यावर मी त्याची मनापासून माफी मागितली.

डाव्या खांद्यावर बंदूक घेताना पहिले काही दिवस सगळेच अवघडल्यासारखे वाटले. आता तो पालथा पडतो, डावा गाल दस्त्यावर टेकवतो, आणि मागच्या बारीक छिद्रातून पुढचे गोल कडे व त्या कड्याच्या मधोमध कागदावरचा काळा ठिपका, अशी एकात एक वर्तुळे बसवतो. पुढचे कडे स्पष्ट आणि ठिपका किंचित धूसर दिसला पाहिजे, हे पटायला त्याला वेळ लागला, कारण मुलाला साहजिकच ज्याच्यावर मारायचे तेच नीट पाहायचे असते. अर्धा श्वास सोडून तो थांबतो. मग बोट आत जाते आणि चाप ओढण्याऐवजी हळूहळू दाबत नेते. छर्रा सुटल्यावरही मनात दोन आकडे मोजेपर्यंत डोका उचलायचा नाही, असे तो त्याच्या मराठीत स्वतःला बजावतो. मी ते व्याकरण दुरुस्त करत नाही. आजच्या दहांपैकी नऊ छिद्रे आमटीच्या वाटीच्या बुडाएवढ्या वर्तुळात होती.

एका गोष्टीविषयी बोलणे मी लांबणीवर टाकत होते, ते गेल्या आठवड्यात केले. त्याला बंदूक अंगणात न्यायची होती. समोरचा मित्र त्याच्या अंगणात खुशाल छर्रे उडवतो. आम्ही कोलंबसजवळ राहतो आणि इथून दोन तासांवर क्लीव्हलंड आहे. तिथे २२ नोव्हेंबर २०१४ रोजी तामिर राइस हा बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा बागेत एअरसॉफ्टचे, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे उडवणारे खेळण्यातले पिस्तूल घेऊन खेळत होता. कोणीतरी पोलिसांना फोन केला. पोलिसांची गाडी आली आणि काही क्षणांत त्याच्यावर गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा गेला. हे नऊ वर्षांच्या मुलाला किती सांगावे, या विचाराने मी रात्रभर जागी होते. शेवटी थोडक्यात पण खरे तेच सांगितले, कारण लांबून पाहणाऱ्याला ती बंदूक कसली आहे हे कळत नाही आणि माझ्या मुलाचा रंगही गोरा नाही. "त्याने काही केलं होतं का?" असे त्याने विचारले. मी म्हणाले, "नाही रे, तो खेळत होता." त्यानंतर तो अंगणाबद्दल बोललेला नाही. बंदूक कुलूपबंद पेटीत राहते, छर्रे वेगळ्या कपाटात असतात, दोन्ही किल्ल्या माझ्याकडे असतात, आणि क्लबला जाताना पेटी आमच्या गॅरेजमध्येच गाडीच्या मागच्या भागात ठेवली जाते. दुसऱ्याच्या घरी कसलीही बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून बाहेर पडायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे, हेही आम्ही पुन्हा घोकले.

संध्याकाळी कोल्हापूरहून आईचा व्हिडिओ कॉल आला होता. दसऱ्याला तिने नातवाच्या बंदुकीचा फोटो मागवून घेतला होता आणि आपल्या विळी-कात्रीशेजारी तो ठेवून त्याला हळदकुंकू वाहिले होते. आज तिने फक्त एवढेच विचारले, "डोळ्याला चष्मा लावतोस ना रे बाळा?" त्याने चष्मा आणून दाखवला, मग चुंबकही दाखवले आणि ब्लँकेटच्या घडीतली सगळी हकिकत तिला सविस्तर सांगितली. त्या दहाव्या छर्ऱ्याने कागद हुकवला होता, हे सांगायचेही त्याने टाळले नाही.

क्लबने दिलेल्या वहीत प्रत्येक सरावानंतर मुलांनी नोंद करायची असते. तो झोपल्यावर मी ती उघडून पाहिली. आजची तारीख, शेजारी ठिपक्याचे छोटे चित्र, नऊ फुल्या, आणि खाली मोठ्या, वेड्यावाकड्या देवनागरी अक्षरांत दोन ओळी आहेत: "दहा मारले. दहा सापडले."