सगळे म्हणतात, एबीएस बोलत नाही

मालकाने गाडीतून उतरता उतरताच सांगितलं, "एबीएसचं मॉड्यूल गेलंय, तेवढं बदलून द्या." एबीएस म्हणजे जोराच्या ब्रेकला चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, मॉड्यूल म्हणजे तिचा कॉम्प्युटर. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून त्याला हे निदान मिळालं होतं. लक्षणं मात्र खरी होती. चालता चालता एबीएसचा आणि स्टिअरिंगचा दिवा लागायचा, स्पीडोमीटरचा काटा शून्यावर पडायचा आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरळीत.

मी स्कॅनर लावला. इंजिनच्या ईसीयूत, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरमध्ये, यू०१२१ हा कोड, मीटर कन्सोलमध्ये यू०१२१, स्टिअरिंगमध्येही तोच. कोडचा अर्थ एवढाच, की एबीएसशी संपर्क तुटला. तीन शेजारी सांगतायत की समोरच्या घरातून आवाज येत नाही. आत माणूस गेलाय की नुसती वीज गेलीय, त्यांना काय ठाऊक!

आधी निरोपांचा रस्ता तपासला. तो म्हणजे कॅन बस, गाडीतले कॉम्प्युटर जिच्यावरून एकमेकांशी बोलतात त्या एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जगापुढे मांडली. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतात त्याच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मीटर धरला, की साधारण ६० दिसायला हवेत. १२० आले तर एका टोकाकडचा रेझिस्टर हरवलाय किंवा मध्ये तार तुटलीय. शून्याजवळ आले तर दोन तारा चिकटल्यात. (मध्ये गेटवे, म्हणजे दोन बस जोडणारा डबा, असेल तर हा आकडा गेटवेपर्यंतचाच. हे विसरून मी एकदा अर्धा दिवस घालवलाय.) इथे ६०.४ आले. रस्ता ठीक.

मग एबीएसचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढला. प्लसवर १२.४ व्होल्ट. अर्थवर, म्हणजे मायनसकडे परतणाऱ्या वायरीवर, मीटर लावला, ०.३ ओहम. इथवर सगळं ठीक दिसलं की मॉड्यूलची ऑर्डर द्यायचा मोह होतो. काही वर्षांपूर्वी मी दिलीही होती, आणि नवीन मॉड्यूल बसवूनही दिवा तसाच.

गोची अशी, की ओहम मोजताना मल्टिमीटर अगदी किरकोळ प्रवाह सोडतो. तेवढा तर कुजलेल्या केबलमधली शाबूत उरलेली एक काडीही नेते. एबीएसचा पंप फिरायला लागला की कित्येक अँपियर मागतो, तिथे ती काडी हात टेकते. म्हणून माझ्या पेटीत २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब असतो, दोन वायरी जोडलेला. तो पावणेदोन अँपियर खेचतो. कपलरच्या प्लस आणि अर्थ पिनांत लावला, तर बल्बमधली तार नुसती लालसर. तोच प्लस ठेवून दुसरी वायर थेट बॅटरीच्या मायनसला धरली, तर लख्ख!

अर्थची वायर मागोवा घेत बॅटरी ट्रेखाली गेली. बोल्टभोवती पांढरट-हिरवा थर, थिंबलच्या, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीच्या, आत तांब्याचा भुगा. पंप फिरला की मॉड्यूलचे व्होल्ट कोसळायचे, ते गप्प व्हायचं, आणि त्याच्याकडून वेग घेणारा काटाही खाली यायचा.

वायर चांगल्या तांब्यापर्यंत कापली, नवीन थिंबल दाबलं, चेसिस घासून उघडी केली, वरून ग्रीस. कोड पुसले, लांबचा फेरा मारला, एकही परतला नाही.

मालकाने बिल हातात घेऊन विचारलं, "म्हणजे बदललं काय?"

"एक थिंबल."

त्याने बिल उलटून मागची बाजूही पाहिली.