नोंद ५ : बाहेरचं सगळं दिसतं, लोकलहोस्ट गायब

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या भावाचं पान अजून लोकलहोस्टवरच, म्हणजे ज्याच्या त्याच्या मशिनवरच आहे, पोर्ट ३०००. ते तपासायला फिडलर, म्हणजे ब्राउझर नि सर्व्हरच्या मध्ये प्रॉक्सी (मध्यस्थ) म्हणून बसून प्रत्येक विनंतीची एक ओळ यादीत दाखवणारं साधन. जळगाव काय नि भुसावळ काय, दोन्हीकडच्या मशिनांवर रड एकच : "भो, फिडलर चालू आहे, बाहेरच्या साइट दिसतात, आपल्या पानाची एक ओळ पडत नाही."

फिडलरच्या यादीत नुसतं 'टनेल टू' नि पुढे ४४३ दिसत असेल तर तो आजार वेगळा. विनंती पोचते, फक्त एचटीटीपीएसचं कुलूप उघडत नाही. फिडलर क्लासिकमध्ये टूल्स, ऑप्शन्स, एचटीटीपीएस या टॅबवर डिक्रिप्टची खूण करायची नि फिडलरचं रूट सर्टिफिकेट बसवायचं. इथे ओळच नाही, त्यामुळे सर्टिफिकेट पुन्हापुन्हा बसवून काही निघणार नव्हतं. निम्मी मंडळी दुपार तिथेच घालवतात.

कर्लला, म्हणजे कमांड लाइनवरून पान मागणाऱ्या साधनाला, उणे एक्स (लहान अक्षरातला) देऊन फिडलरच्या १२७.०.०.१:८८८८ या पत्त्यामधून तेच पान मागितलं. ओळ लगेच पडली. म्हणजे प्रॉक्सी ठणठणीत, चुकवतोय तो ब्राउझर.

क्रोम ७२ व्या आवृत्तीपासून लोकलहोस्ट, १२७.०.०.१ आणि आयपीव्ही६ चा लूपबॅक (स्वतःच्याच मशिनकडे परतणारा) पत्ता प्रॉक्सीकडे पाठवतच नाही. विंडोजमधली अपवादांची यादी कोरी असली तरी. त्यावर उतारा म्हणजे 'प्रॉक्सी-बायपास-लिस्ट' हा फ्लॅग, म्हणजे क्रोम सुरू करताना कमांडमागे जोडायची सूचना. त्याची किंमत कोनी कंसात उणे लूपबॅक, आणि ती अवतरण चिन्हांत हवीच, नाहीतर कमांड प्रॉम्प्ट त्या कोनी कंसाला फाइल वाचण्याची खूण समजतो. सोबत 'प्रॉक्सी-सर्व्हर' फ्लॅगमध्ये १२७.०.०.१:८८८८.

तरीही पहिल्यांदा फरक पडला नाही. क्रोम आधीच उघडं असलं की नवी खिडकी जुन्याच प्रोसेसला चिकटते नि फ्लॅग गिळले जातात. 'युझर-डेटा-डिर' ला रिकामं फोल्डर दिलं, की वेगळं क्रोम उठतं. फ्लॅग लागले का, ते क्रोम://व्हर्जन या पानावर कमांड लाइनच्या ओळीत दिसतं. ती ओळ वाचल्याशिवाय ग्रुपवर ओरड नको.

फ्लॅगचा कंटाळा असेल तर पत्त्यात लोकलहोस्ट डॉट फिडलर, पुढे :३००० लिहूनही चालतं. पण ब्राउझरच्या लेखी तो वेगळा ओरिजिन, म्हणजे परकी साइट, त्यामुळे कुकी नि लॉगिन तिकडे येत नाहीत.

फायरफॉक्सचा संसार स्वतंत्र. तिथे अबाउट:कॉन्फिग मध्ये नेटवर्क.प्रॉक्सी.अलाउ_हायजॅकिंग_लोकलहोस्ट हे ट्रू करायचं. नाव भयंकर आहे, काम चोख.

भारनियमनाचा एक त्रास जाता जाता. यूपीएस नसलेला डेस्कटॉप फिडलर चालू असतानाच बसला, की फिडलरला विंडोजची प्रॉक्सी परत काढायला वेळच मिळत नाही. वीज आल्यावर क्रोम 'प्रॉक्सी कनेक्शन फेल्ड' म्हणतं आणि शिव्या मात्र नेटवाल्याला बसतात. सेटिंग्ज, नेटवर्क, प्रॉक्सी इथे जाऊन मॅन्युअल प्रॉक्सी बंद करायची.

आता बाकी फोन. त्यात प्रॉक्सी म्हणून १२७.०.०.१ नाही, लॅपटॉपचा वायफायवरचा पत्ता टाकायचा. फिडलरमध्ये रिमोट कॉम्प्युटर्सना परवानगी द्यायची नि फायरवॉलमध्ये ८८८८ मोकळं ठेवायचं. अँड्रॉइडवरचं क्रोम आपण बसवलेलं सर्टिफिकेट मानतं. अँड्रॉइड ७ किंवा त्यापुढच्यासाठी बांधलेली अॅप्स मात्र, बनवणाऱ्याने मुद्दाम मुभा दिल्याशिवाय, मानत नाहीत. केळीच्या भावाच्या अॅपची डिबग बिल्ड (चाचणीची आवृत्ती) तेवढ्यासाठी पुन्हा बांधायला घेतली आहे.