आमची वाटचाल : आधी चालवून पाहायचे, मग लिहायचे

एका कंपनीचे सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला जोडायचे असते तेव्हा समोरच्या डेव्हलपरला एपीआयची, म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीची, जी माहिती वाचावी लागते, ती आम्ही लिहितो. पुण्यातली छोटी कंपनी आहे आणि बहुतेक काम पेमेंट, बिलिंग आणि जीएसटीच्या एपीआयचे असते.

सुरुवातीची कामे वर्डमध्ये होत. क्लायंटकडून एक्सेलमध्ये पॅरामीटरची (पाठवायच्या माहितीतल्या घटकांची) यादी येई, आम्ही भाषा नीट करून, टेबल लावून पीडीएफ देत असू. पण यादी तयार झाल्यानंतरही कोड बदलत राहतो, आणि नुसती यादी पाहून लिहिणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नसतो. म्हणून नियम केला, जो कॉल (एपीआयला पाठवायची विनंती) स्वतः चालवला नाही त्याबद्दल लिहायचे नाही. काम घेतानाच सँडबॉक्सची (खरे व्यवहार न करता चाचणी घ्यायच्या जागेची) की, कोड वाचायची परवानगी आणि शंकांना उत्तर देणारा एक डेव्हलपर मागतो. यातले एक जरी नसेल तर काम घेत नाही.

एका एंडपॉइंटचे, म्हणजे एपीआयमधल्या एका कामासाठी असलेल्या पत्त्याचे, काम असे चालते. पोस्टमन किंवा कर्ल या रिक्वेस्ट पाठवायच्या साधनाने आधी बरोबर रिक्वेस्ट पाठवायची. मग मुद्दाम चुकवायची : आवश्यक फील्ड काढून, रिकामी स्ट्रिंग (मजकूर) देऊन, आकड्याच्या जागी अक्षरे घालून, मुदत संपलेले टोकन (ओळख पटवणारा संकेत) वापरून, परवानगी नसलेल्या खात्याचे टोकन वापरून. शेवटच्या दोन वेळी अनुक्रमे 401 (ओळख पटली नाही) आणि 403 (परवानगी नाही) हे एरर कोड यायला हवेत. दोन्हीकडे 401 येत असेल तर समोरचा डेव्हलपर नवनवी टोकन काढत बसतो आणि अडचण परवानगीची आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. दहा-बारा फील्डच्या एंडपॉइंटला एक दिवस धरतो. त्यातले लिहिण्यात जेमतेम दोन तास जातात.

आमच्या मते सर्वांत जास्त विचार उदाहरणांवर करावा लागतो. वर्णन न वाचता उदाहरण उचलून चिकटवणारेच जास्त असतात. रक्कम पैशांत घेणाऱ्या एपीआयमध्ये ‘प्रकार : पूर्णांक’ एवढेच लिहून भागत नाही. 500 रुपयांसाठी 50000 पाठवायचे हे त्या फील्डशेजारीच हवे, नाहीतर डेव्हलपर 500 पाठवतो, ग्राहकाकडून 5 रुपये घेतले जातात आणि एररही येत नाही. जीएसटीचा राज्य कोड महाराष्ट्रासाठी 27 आहे. उदाहरणात 27 दिले तर तो आकडा म्हणून साठवला तरी काही बिघडत नाही. बिघडते ते दिल्लीचे बिल आल्यावर, कारण 07 चा शून्य गळतो. कॉफीचा एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड) 0901, त्याचेही तेच. म्हणून उदाहरणात आम्ही मुद्दाम 07 घेतो. ई-इन्व्हॉइसमध्ये तारीख दिवस/महिना/वर्ष अशी जाते. तिथे 05/06 कधीच देत नाही, दिवस कोणता आणि महिना कोणता हे कळावे म्हणून 31/03 देतो.

वेळेचेही असेच आहे. यूआरएलच्या क्वेरीत (प्रश्नचिन्हापुढच्या भागात) भारतीय वेळेचे +05:30 तसेच लिहिले तर बहुतेक सर्व्हर अधिकचे चिन्ह मोकळी जागा म्हणून वाचतात. तिथे त्या चिन्हाऐवजी %2B लागते. उदाहरणात यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाण, वेळ अधिकच्या चिन्हाशिवाय दिली की ही चूक झाकली जाते आणि भारतीय वेळ पाठवणारा अडकतो. मोठे आयडी आकडा म्हणून पाठवले तर 9007199254740991 च्या पुढे जावास्क्रिप्टमध्ये शेवटचे अंक बदलू शकतात. असे दिसले की आम्ही नुसती सूचना लिहून थांबत नाही, आयडी स्ट्रिंग करा असे क्लायंटला कळवतो.

वेबहुकच्या, म्हणजे घटना घडताच सर्व्हर स्वतःहून पाठवतो त्या संदेशाच्या, पानावर दोन गोष्टी ठळक हव्यातच. सही (संदेश खरा असल्याची खूण) तपासायची ती आलेल्या मूळ मजकुरावर. जेसन (माहिती पाठवायचा मजकुराचा साचा) उलगडून पुन्हा बांधले की एखादी मोकळी जागा बदलते आणि सही जुळत नाही. आणि एकच घटना दोनदा येऊ शकते, म्हणून तिचा आयडी साठवून पुनरावृत्ती ओळखायची.

2015 मध्ये स्वॅगरचा, म्हणजे एपीआयचे वर्णन एका फाइलमध्ये लिहायचा, आराखडा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला आणि पुढे तो ओपनएपीआय म्हणून रुळला. फाइलमधून पाने आपोआप तयार होऊ लागली, तसा ‘आता रायटर कशाला?’ हा प्रश्न आम्हाला वारंवार येऊ लागला. यंत्राला फील्डचे नाव आणि प्रकार कळतो. हे फील्ड केव्हा रिकामे येते, कोणत्या स्थितीत पैसे परत करता येत नाहीत, टाइमआउट झाल्यावर तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवली तर दोनदा पैसे कापले जातील का, हे कुणीतरी विचारून, तपासून लिहावे लागते. आता आमचे लिखाण क्लायंटच्या कोडसोबतच गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात) राहते, स्पेक्ट्रल या नियम तपासणाऱ्या साधनाने तपासले जाते आणि उदाहरणे रोज रात्री सँडबॉक्सवर चालतात. एखादे उदाहरण फसले की सकाळी पहिले काम तेच.

दरही बदलत गेले. पानावर पैसे घेणे चुकीचे होते, कारण त्यात लांबण लावण्यालाच मोबदला मिळतो. मग एंडपॉइंटवर आलो. आता शक्य तिथे डिझाइनच्या टप्प्यावरच आम्हाला बसवा असा आग्रह धरतो आणि त्या तासांचे वेगळे पैसे घेतो. एकच ग्राहक क्रमांक तीन एंडपॉइंटमध्ये तीन नावांनी येत असेल तर लिहायला बसलेल्या माणसाला ते पहिल्याच दिवशी खटकते. रिलीजपूर्वी ते नाव बदलणे अर्ध्या तासाचे काम असते. रिलीजनंतर नवी आवृत्ती काढावी लागते, जुनी किती तारखेला बंद होणार ते जाहीर करावे लागते आणि तोवर दोन्हींचे डॉक्युमेंटेशन सांभाळावे लागते.