केदारकंठा, हिवाळी प्रयत्न 2: जुडा का तालाबवरून परत

केदारकंठा हे उत्तराखंडातलं शिखर, आणि हिवाळ्यात तिथे जायचा हा आमचा दुसरा प्रयत्न. पहिल्यानंतर सराव थांबला नाही. दर रविवारी सिंहगड, पाठीवर आठ किलो. दम चांगला जमला होता. या खेपेला कस लागला तो निर्णयाचा.

डेहराडूनहून पुरोला, मोरी करत सांक्रीला, म्हणजे चढाई सुरू होते त्या गावी, पोचलो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं, पण पश्चिमी झंझावाताचा (हिवाळ्यात पश्चिमेकडून येऊन हिमालयात बर्फ पाडणाऱ्या वादळाचा) इशारा आलेला होता. वर जायच्या आदल्या रात्री आम्ही चौघांनी गाईडभैयांना मधे बसवून वहीत लिहून ठेवलं: चोवीस तासांत फूटभर ताजा बर्फ पडला, धारेवरून बर्फाचा धुरळा उडताना दिसला किंवा कुणाची बोटं बधिर झाली, यातलं एकही घडलं तर माथा सोडायचा. वर गेल्यावर चर्चा नाही.

जुडा का तालाब या वाटेवरच्या तळ्यापाशी, साधारण 9,100 फुटांवर, तंबू लावले आणि संध्याकाळी बर्फ सुरू झाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडतच होता. काठीवर मोजला, 38 सेंटीमीटर. तिसऱ्या दिवशी पहाट मात्र लख्ख उजाडली. स्वर्गारोहिणी शिखर समोर उभं! खरी ओढाताण तेव्हा झाली, कारण ऊन पडलं की धोका टळला असं वाटतं. प्रत्यक्षात बर्फवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस हिमस्खलनाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. नवा थर जुन्यावर अजून बसलेला नसतो, आणि 30 ते 45 अंशांचा उतार असेल तर एका माणसाच्या वजनानेही तो अख्खा सुटू शकतो. माथ्याखालचा शेवटचा चढ चांगलाच उभा आहे.

थंडीचा हिशोबही मांडला. तळ्यापाशी उणे 6. माथा 12,500 फुटांवर, म्हणजे हजार मीटर वर, तिथे उणे 12 तरी असणार. त्यात ताशी 40 किलोमीटर वारा धरला तर उघड्या कातडीला ते उणे 23 सारखं लागतं. धारेवर धुरळा तर डोळ्यांना दिसत होता.

आम्ही उतरलो. दुसरा एक गट वर गेला, माथा गाठून सुखरूप आला. त्यांचा आनंद बघताना आत तुटलं, खोटं कशाला सांगू. तरी तीच वही, तेच आकडे पुन्हा समोर आले तर मी पुन्हा उतरेन. जून 2024 मध्ये उत्तराखंडातल्याच सहस्रताल तळ्याच्या वाटेवर हिमवादळात कर्नाटकातले नऊ ट्रेकर दगावले, आणि तो तर उन्हाळा होता.

पुढच्या वेळेसाठी: दोन दिवस राखीव ठेवूनच परतीचं तिकीट काढायचं. आमच्याकडे एकच होता. बर्फ बसायला तो पुरला नाही. आतल्या पातळ हातमोज्यांचा जादा जोड हवा, माझा पहिल्याच रात्री भिजला. पाण्याची बाटली रात्री उलटी ठेवली, ते मात्र छान जमलं. बर्फ बुडाकडे धरतो, सकाळी तोंड मोकळं राहतं.