रुसाल्काचे तळे, रुसाल्काचे मौन

प्रागच्या नैर्ऋत्येस सुमारे 60 किलोमीटरवर, प्रिब्राम शहराजवळ, विसोका नावाचे लहानसे गाव आहे. चेक संगीतकार आन्तोनीन द्वोर्झाक येथे उन्हाळा घालवत, कबुतरे पाळत आणि रानात फिरत. 1900 साली ‘रुसाल्का’ या ऑपेराचे संगीत त्यांनी रचले, तेव्हाही त्यांचा मुक्काम बराच काळ येथे होता. त्यांच्या स्मारकाच्या उद्यानात झाडांनी वेढलेले तळे आहे आणि त्याला रुसाल्काचेच नाव आहे. प्रागमध्ये या ऑपेराचा प्रयोग पाहण्याआधी मी मुद्दाम येथे आलो. ही कथा राजवाड्यातून पाहिली तर एका फसलेल्या प्रेमाची वाटते. पाण्याच्या काठावरून पाहिली तर ती माणसाविषयीची तक्रार आहे, असे मला येथे प्रकर्षाने जाणवले.

यारोस्लाव क्वापिल यांच्या संहितेतील रुसाल्का ही जलकन्या आहे. तळ्यावर येणाऱ्या राजपुत्रावर तिचे मन जडते आणि माणसासारखा आत्मा आपल्यालाही मिळावा, अशी तिची इच्छा असते. तळ्याचा अधिपती वोद्निक तिला बजावतो की माणसाचा आत्मा पापाने भरलेला असतो. त्यावर ती म्हणते, प्रेमानेही भरलेला असतो. पुढे येझिबाबा ही चेटकीण तिला मानवी देह देते आणि मोबदल्यात तिची वाचा घेते. चंद्राला उद्देशून गायिलेले तिचे सुप्रसिद्ध गीत वाचा जाण्यापूर्वीचे आहे, हे ध्यानात ठेवून ऐकले की ते अधिकच चटका लावते.

प्रागचे राष्ट्रीय नाट्यगृह व्लतावा नदीच्या काठी आहे. ते 1881 साली आगीत सापडले, लोकांच्या वर्गणीतून पुन्हा उभे राहिले आणि 1883 मध्ये खुले झाले. ‘रुसाल्का’चा पहिला प्रयोग 31 मार्च 1901 रोजी येथेच झाला.

दुसऱ्या अंकात मी सर्वाधिक गुंतलो. जिथे गाणे हेच बोलणे, त्या कलाप्रकारात द्वोर्झाक आणि क्वापिल यांनी नायिकेलाच मुके केले, हे धाडस मला फार मोठे वाटते. राजवाड्यात सारे गातात, परदेशी राजकन्या तर जरबेने गाते, आणि रुसाल्का नुसती उभी असते. राजपुत्र तिच्या मौनाला थंडपणा समजून त्या राजकन्येकडे वळतो. मात्र बागेतल्या पाण्यातून वोद्निक वर येताच तिला कंठ फुटतो. ती मुकी आहे ती केवळ माणसांपुरती. निसर्गाकडे वाणी नाही असे नव्हे, ती ऐकू येण्याची पात्रता आपण गमावली आहे, असा या अंकाचा अर्थ मी लावतो.

राजपुत्राने पाठ फिरवल्यामुळे रुसाल्का शापित झालेली आहे. तिसऱ्या अंकात येझिबाबा तिला सुटकेचा मार्ग सांगते: राजपुत्राचे रक्त सांड. रुसाल्का सुरी पाण्यात फेकून देते. पश्चात्तापाने व्याकूळ झालेला राजपुत्र तळ्यावर येतो आणि तिच्या चुंबनाने मृत्यू येणार हे ठाऊक असूनही तेच मागतो. तो मरतो, आणि तुझे सारे त्याग व्यर्थ गेले, असे वोद्निक खोलातून म्हणतो. कथेपुरते त्याचे म्हणणे खरेही आहे, कारण रुसाल्काच्या हाती काहीच उरत नाही. पण द्वोर्झाक यांनी शेवटचा शब्द त्याला दिलेला नाही. रुसाल्का राजपुत्राच्या आत्म्यासाठी देवाकडे करुणा भाकते आणि तिच्या प्रार्थनेखालचे वाद्यवृंदाचे संगीत वोद्निकला मान्यता देत नाही. जिला आत्मा नाही असे सारे सांगत आले, तीच माणसाच्या आत्म्याची काळजी वाहते.