‘प्रयोजन’ या रकान्यात काय लिहायचं?

‘संस्थेचा शेतकरी दाखला जोडावा.’ लाल शाईत हे एक वाक्य लिहिलेला कागद अजून माझ्या कपाटात आहे. टाकून द्यावासा वाटत नाही. आमच्या ट्रस्टला जमीन घ्यायची परवानगी मिळायला सतरा महिने लागले, त्यातले पहिले चार त्या एका वाक्याने खाल्ले.

गोष्ट दीड हेक्टर वरकसाची, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीची. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला ऐन, किंजळ, जांभळीची दाट झाडी आहे आणि मधोमध एक म्हातारा बेहडा. शिमग्याच्या आगेमागे त्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर पावसाच्या तोंडापर्यंत त्या फटीतून तिला फळं भरवतो. आमच्याकडे त्या पक्ष्याला गरुडच म्हणतात. जमिनीचे मालक वाडीतलेच, पण दोन पिढ्या डोंबिवलीला. त्यांना पैशांची निकड होती आणि लाकूडवाला उभ्या झाडांचा भाव सांगून गेला होता. वृक्षतोडीच्या १९६४च्या कायद्यातल्या, परवानगीशिवाय तोडता न येणाऱ्या सोळा झाडांच्या यादीत ऐन आहे, किंजळ आहे, हिरडाही आहे. बेहडा नाही. म्हणजे गरुडाचं घर तेवढं यादीबाहेर.

गणपतीला सगळे मुंबईकर आलेले असताना देवळात बैठक झाली आणि ट्रस्ट काढून जमीन विकत घ्यायची ठरली. वर्गणीला फार त्रास पडला नाही. बायकांनी एकच विचारलं, सरपण कुठून आणायचं? ठरलं की पडलेली लाकडं न्यायची, कोयता घेऊन चढायचं नाही. धर्मादाय आयुक्तालयातली नोंदणीही बऱ्यापैकी सरळ झाली. अर्ज ऑनलाइन, मग सुनावणी, मग ‘ई’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

म्हणायचं आहे ते पुढचं.

कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८, कलम ६३. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी असेल तरच. सातबाऱ्यावर वरकस म्हणजे शेतजमीनच, मग तिथे शंभर वर्षांत नांगर गेलेला नसो. आणि ट्रस्ट हा काही शेतकरी नव्हे. आमचे सातच्या सात विश्वस्त शेतकरी, आठ-अचे खातेउतारे सगळ्यांचे, पण ट्रस्ट म्हणून बसलो की आम्ही शेतकरी उरत नाही.

हे मला मान्य आहे. कायदा वाईट हेतूने केलेला नाही, तो नसता तर कोकणचे डोंगर याआधीच गेले असते. पण परवानगी मागायला जायचं ते ट्रस्ट शेतकरी नाही म्हणूनच, आणि त्या अर्जावर त्रुटी काय निघावी? ट्रस्टचा शेतकरी दाखला! मी कचेरीतल्या कारकून भाऊसाहेबांना म्हटलं, “अहो, दाखला असता तर मी इथे कशाला आले असते?” ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, चेकलिस्टला आहे ना ते.” चेकलिस्ट वैयक्तिक अर्जदारांसाठी छापलेली होती हे साहेबांपुढे मांडायला चार महिने गेले, कारण साहेब कधी मीटिंगला, कधी व्हिडिओ कॉन्फरन्सला, आणि १६ मार्च २०२४ला लोकसभेची आचारसंहिता लागल्यावर सगळेच निवडणुकीला.

(पोच घ्या. कागद कितीही क्षुल्लक असो, आवकचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझा दुसरा अर्ज ‘आलाच नाही’ असं सांगण्यात आलं, तेव्हा तो शिक्का कामाला आला.)

जुलैत परत गेले तर कचेरीच्या आवारात पाय ठेवायला जागा नाही. लाडकी बहीणचे दाखले काढायला तालुक्यातल्या सगळ्या बहिणी. त्या गर्दीत माझ्या फायलीला कोण विचारतो? मीही सरळ रांगेतल्या एकीला फॉर्म भरायला मदत करत बसले. त्या दिवशी तेवढंच काम झालं.

दाखल्याचं मिटलं आणि खरी गाठ पुढे आली. अर्जात एक रकाना असतो, प्रयोजन. आम्ही प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘आहे ती झाडी आहे तशी राखणे.’ त्यावर विचारणा आली: नेमका वापर नमूद करावा. मी लिहून दिलं, वापर करायचा नाही. फाईल परत. प्रत्यक्ष साहेबांच्या भेटीला गेले.

“म्हणजे तिथे काय करणार?”

“काही नाही.”

“तसं नाही मॅडम. रिसॉर्ट वगैरे? गोशाळा? शाळा?”

“काहीच नाही. तेवढ्यासाठीच घेतोय.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मला राग आला होता, पण त्यांची बाजूही खोटी नव्हती. दीड हेक्टर घेऊन काहीच करणार नाही म्हणणारा माणूस हजारातून नऊशे नव्याण्णव वेळा काहीतरी लपवतच असतो. मी हजारावी होते, हे कागदावर कसं दाखवायचं?

मग स्थळपाहणी लागली. सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी आले, पंचनामा झाला. मी त्यांना बेहड्यापर्यंत नेलं, ढोलीखाली पडलेल्या बिया दाखवल्या. त्यांनी कौतुकाने मोबाइलवर फोटो काढले, मुलीला पाठवतो म्हणाले. अहवालात मात्र आलं: ‘सदर जमीन पड असून कोणत्याही वापरात नाही.’ कोणत्याही वापरात नाही! ते वाचून मी घरी येऊन भांडी आपटली, हे मान्य करते.

या सगळ्या काळात भेटेल तो एकच सल्ला द्यायचा, वकीलसुद्धा. “बाई, तुम्ही शेतकरी आहात ना? घ्या तुमच्या नावावर आणि मोकळ्या व्हा.” पंधरा दिवसांत खरेदीखत झालं असतं. पण माझ्या नावावर झाली की ती माझ्या मुलांची झाली, मग त्यांच्या मुलांची, आणि तीस वर्षांनी पुन्हा एका सातबाऱ्यावर सोळा नावं आणि दारात लाकूडवाला. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची तर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. लोकांना ती कटकट वाटते. आम्हाला तीच हवी होती, आमच्याच नातवंडांपासून राखण म्हणून.

आणखी एक, जे मला आधी कोणी सांगितलं नाही. परवानगी येईपर्यंत साठेकरार, म्हणजे पुढे विकण्याचा करारही करू नका. बिगरशेतकऱ्याच्या नावे तो लेखी करारसुद्धा कलम ६३मध्येच अडकतो. म्हणजे सतरा महिने आमच्या हातात डोंबिवलीच्या काकांचा शब्द, एवढंच होतं. दर पंधरा दिवसांनी मी त्यांना फोन करायची, तब्येत विचारायला म्हणून. त्यांनाही कळायचं कशासाठी ते. मधल्या काळात लाकूडवाल्याने दोनदा भाव वाढवला, तरी काका ढळले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर माझं काही खरं नव्हतं.

तुमचा जमीनमालक विकायला निघालेला नसेल तर या भानगडीत पडूच नका, असं मी म्हणेन. मालकी त्याच्याकडे ठेवून न तोडण्याचा करार करता येतो. संगमेश्वर भागात पुण्याची एईआरएफ ही संस्था गावकऱ्यांशी असे करार करत आलेली आहे. आम्हाला ती वाट नव्हती, काकांना रोकड हवी होती.

सुटका केली ती एका निवृत्त अव्वल कारकुनाने. विधानसभेची आचारसंहिता उठल्यावरची गोष्ट. माझी फाईल चाळून ते हसले. “बाई, सरकारला ‘काही नाही’ वाचता येत नाही. झाडं कुठली आहेत तिथे?” मी सांगितली. हिरडा, बेहडा, जांभूळ, ऐन. “मग लिहा, औषधी वनस्पतींचे संवर्धन.” मी म्हटलं, पण आम्ही काही लावणार नाही. “संवर्धन म्हणजे लावायचंच असं कुठे लिहिलंय?”

त्याच जमिनीसाठी, त्याच नकाशासह, तोच अर्ज नव्याने दिला. फक्त प्रयोजन बदललं. धर्मादाय संस्थेला जमीन लागत असेल तर परवानगी देता येते ही तरतूद नियमांत पहिल्यापासून होती, तिचा उल्लेखही या वेळी ठळक केला. ट्रस्टच्या घटनेतल्या उद्दिष्टांत ‘वनस्पती व वन्यजीव संवर्धन’ हे शब्द होते म्हणून निभावलं. तुमची घटना लिहिताना ते आधीच घाला, नाहीतर बदल करत बसाल. आदेश २०२५च्या पावसात हातात पडला. मला फार आनंद वगैरे झाला नाही. दमले होते. काकांना फोन केला तेव्हा मात्र दोघांनाही बोलता येईना.

खरेदीखत एका दुपारात झालं. त्यानंतर नव्वद दिवसांत धर्मादायकडे बदल अर्ज द्यायचा असतो, हे आमच्या खजिनदारांना ऐंशीव्या दिवशी आठवलं. तुम्ही पहिल्या आठवड्यातच देऊन टाका.

फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर ट्रस्टचं नाव चढलं, आणि तलाठी म्हणाले, आता ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, तुम्हालाच करायची. भाच्याने ॲप उघडून माझ्या हातात दिलं. पिकाचं नाव निवडा. खाली पर्याय होता, कायम पड. मी तो निवडला. मग फोटो मागितला. भाचा म्हणाला, मावशी, पड जमिनीचा फोटो कसा काढायचा? मी म्हटलं, बेहड्याचा काढ, सगळा येईल असा, मागे सरक.