टॉमीचा पोरगा

या वर्षी लेकाने क्लबात गोलकीपरची जागा मागून घेतली. अकरा वर्षांच्या पोरांना सगळ्यांना पुढे खेळायचं असतं, गोलात उभं राहायला कोणी तयार नसतं. हा स्वतःहून गेला. घरी येऊन मला म्हणाला, "आई, मला निकीसारखी हर्ली पाहिजे."

हर्ली म्हणजे हर्लिंगची काठी, आणि हर्लिंग हा आयर्लंडचा काठी-चेंडूचा मैदानी खेळ. ॲश झाडाच्या बुंध्यातून, मूळ सुरू होतं त्या वळणाच्या जागेतून ती कापतात. म्हणजे लाकडाचे रेषे पात्याच्या वळणाबरोबरच वळतात आणि काठी सहजी फुटत नाही. इतर खेळाडूंच्या पात्याची रुंदी 13 सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही. गोलकीपरला मात्र ही मर्यादा नाही. त्यामुळे लेकाची नवी हर्ली आमच्याकडच्या भल्यामोठ्या कालथ्यासारखी दिसते. पात्याच्या टोकाला पत्र्याची पट्टी आहे, मुठीला निळी टेप मी गुंडाळून दिली आहे.

आता निकीबद्दल. निकी क्वेड, आयर्लंडमधल्या लिमरिक कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संघाचा गोलकीपर.

मी 2017 च्या शेवटी इस्लामपूरहून थेट लिमरिकला नोकरीला आले, तेव्हा मला हा खेळ ठाऊकही नव्हता. पुढच्या जुलैत घरमालकीण आजींनी मला दिवाणखान्यात बोलावलं. टीव्हीवर डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममधली उपांत्य लढत चालू होती, लिमरिक विरुद्ध कॉर्क. आजींनी गोल तीन गुणांचा, बारच्या वरून मारला तर एक गुण, एवढंच सांगितलं आणि मग माझ्याकडे पाहिलंच नाही. लिमरिकने शेवटची ऑल-आयर्लंड, म्हणजे कौंट्यांमधली देशाची मुख्य स्पर्धा, 1973 मध्ये जिंकली होती. तेव्हा त्या तरुण होत्या.

सत्तर मिनिटं संपली, वरचा वेळ चालू, दोन्ही संघ बरोबरीत. कॉर्कचा शेमस हार्नेडी चेंडू घेऊन एकटा आत घुसला. समोर फक्त निकी. मी तो क्षण नंतर शंभर वेळा तरी पाहिला असेल. हार्नेडी हर्ली उगारतो, आणि तेवढ्या अवधीत निकी पुढे झेपावतो. अंगावर जात नाही, फटका अडवायलाही जात नाही. हर्लीचं टोक पुढे सरकवून चेंडू नुसता बाजूला करतो. आपण ताटातली माशी बोटाने उडवतो ना, तेवढंच. हार्नेडीचा फटका हवेत.

आजी उभ्या राहिल्या होत्या. हात तोंडावर. मग हळूच म्हणाल्या, "टॉमीचा पोरगा."

आमच्याकडेही तालमीत पोराला त्याच्या नावाने कोण ओळखतो? अमक्याचा पोरगा, तमक्याचा पुतण्या. सामना जादा वेळेत गेला, लिमरिक 3-32 विरुद्ध 2-31 ने जिंकलं (आधी गोल, मग एकेरी गुण). चहा होईपर्यंत मी आजींना एकच विचारत होते, टॉमी कोण?

टॉमी क्वेड 1976 पासून 1993 पर्यंत लिमरिकच्या गोलात उभा होता. इतकी वर्षं, आणि ऑल-आयर्लंड एकदाही नाही. 1980 ची अंतिम लढत गॉलवेकडून हरला. 1992 मध्ये त्याला ऑल स्टार मिळाला, म्हणजे त्या वर्षीच्या देशातल्या सर्वोत्तम पंधरांत जागा. हे सगळे हौशी खेळाडू, खेळाचा पगार नाही. 1998 च्या ऑक्टोबरात कामावर असताना टॉमी उंचावरून पडला आणि गेला. वय 41. निकी तेव्हा शाळकरी पोर होता.

टॉमीनंतर गोलात आला त्याचा चुलतभाऊ जो क्वेड, म्हणजे निकीचा चुलतकाका. त्याची 1994 ची अंतिम लढत लिमरिकमध्ये अजूनही लोक आवाज खाली करून सांगतात. ऑफलीविरुद्ध पाच गुणांची आघाडी, घड्याळात पाचच मिनिटं उरलेली. ऑफलीला फ्री, म्हणजे मोकळा फटका, मिळाली, गोल झाला. जोने चेंडू परत खेळात आणला, आणि लगेच उलट्या चालीत दुसरा गोल. त्या पाच मिनिटांत ऑफलीने 2-5 केले. पकआऊट, म्हणजे गोलकीपरने चेंडू परत खेळात आणायचा फटका, घाईत मारला, असं लोक त्याला वर्षानुवर्षं सुनवत राहिले. मला हे पटत नाही. पंधरा जण खेळत होते, पाच मिनिटांत अकरा गुण एकट्या गोलकीपरच्या हातून जात नाहीत. पण गोलकीपरची चूक सगळ्यांना दिसते, कारण त्याच्या मागे जाळीशिवाय कोणी नसतं.

अशा घरातला मुलगा गोलात उभा राहायला तयार होतो, हेच मला मोठं वाटतं. 2010 मध्ये निकी लिमरिककडून पहिल्यांदा खेळला तो गोलात नव्हे, मैदानात. गोलाची जागा त्याने 2011 पासून धरली. एफिन हे त्याचं गाव, कौंटीच्या दक्षिणेला, छोटंसं. 2013 मध्ये मन्स्टर, म्हणजे दक्षिणेच्या प्रांताची स्पर्धा, जिंकली. पुढची काही वर्षं कोरडी गेली. मग 2018 चा तो जुलै, आणि ऑगस्टमध्ये गॉलवेविरुद्ध 3-16 ला 2-18, एका गुणाने. 45 वर्षांनी. आजी त्या रात्री झोपल्या नाहीत, मीही नाही.

त्यानंतर 2020, 2021, 2022, 2023, सलग चार. 2020 ची अंतिम लढत डिसेंबरात, रिकाम्या क्रोक पार्कमध्ये. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये पकआऊटचा टणत्कार टीव्हीवर स्पष्ट ऐकू येत होता. तेव्हाच मला कळलं की निकीचं खरं काम अडवण्यापेक्षा त्या पकआऊटमध्ये आहे. चेंडू हातात आला की तो एकदा मैदानभर नजर फिरवतो. कोण मोकळा आहे, वारा कुठला. मग साठ-सत्तर मीटरवर आपल्याच माणसाच्या हातात. लिमरिकची अर्धी चाल तिथूनच सुरू होते. टाळ्या मात्र पुढे गुण करणाऱ्याला.

2024 च्या अखेरीस त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. पस्तिशीतला माणूस, लोकांनी धरलंच होतं की आता संपलं. 2025 च्या जूनमध्ये मन्स्टरच्या अंतिम सामन्याला, लिमरिकच्याच मैदानावर, तो गोलात उभा होता. जेमतेम सात महिने झाले होते. जादा वेळेनंतरही बरोबरी. मन्स्टरची अंतिम लढत पहिल्यांदाच पेनल्टीवर गेली. आता पेनल्टीला गोलरेषेवर एकटा गोलकीपर असतो. कॉर्क 3-2 ने जिंकलं.

लेक माझ्या शेजारी बसून पाहत होता. पेनल्ट्या संपल्यावर सगळे कॉर्ककडे बघत होते, हा निकीकडे. मला वाटलं रडेल. तो म्हणाला, "आई, प्रत्येक वेळी तो परत रेषेवर येऊन उभा राहतो, बघितलंस?"

मागच्या शनिवारी पावसात त्याने पहिल्या अर्ध्यात तीन गोल खाल्ले. तिसऱ्यानंतर मी कुंपणाजवळ गेले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. चेंडू उचलला, मैदानभर नजर फिरवली, आणि डाव्या कडेला मोकळ्या उभ्या असलेल्या मुलीकडे मारला.